दोन युद्धांमधला गृहपाठ

१ सप्टेंबर १९६५. दुपार कलत आली होती. छांब भागात पाकिस्तानचे रणगाडे युद्धबंदी रेषा ओलांडून आत शिरले होते आणि आपले तिथले सैन्य अपुरे पडत होते. दिल्लीत लष्करप्रमुख जनरल जयंतनाथ चौधरी संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाणांकडे आले. हवाई दलाची मदत हवी, असे त्यांचे म्हणणे होते. हवाई दलप्रमुख अर्जन सिंगही होते. विमाने किती वेळात निघतील, असे विचारल्यावर त्यांनी तासाभराची मुदत सांगितली. यशवंतरावांनी काही मिनिटांत निर्णय दिला आणि संध्याकाळी साडेपाचच्या आत पठाणकोटहून पहिली विमाने उडालीसुद्धा.

ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, आणि ती सांगण्यासारखी आहेच. पण तिचा उत्तरार्ध फारसा सांगितला जात नाही. त्या संध्याकाळी गेलेल्या विमानांपैकी चार व्हॅम्पायर परतली नाहीत. जुनी, मंद गतीची ही विमाने सेबर जेटसमोर टिकणारी नव्हती. खाली धुरळा, उतरते ऊन, आणि आपले रणगाडे कुठले नि शत्रूचे कुठले हे वैमानिकांना सांगणारे कोणी नाही. काही मारा आपल्याच सैन्यावर झाला. धाडसात काही कमी नव्हते. उणीव होती ती भूदल आणि हवाई दल यांच्यात आधी झालेल्या बोलण्याची.

त्या वेळी हवाई दलाचे उपप्रमुख होते प्रतापचंद्र लाल. सहा वर्षांनी, १९७१च्या युद्धात, हवाई दलाची सूत्रे त्यांच्याच हाती होती. त्या युद्धाचे नाव काढले की माणेकशा आठवतात, आणि ते योग्यच आहे. लाल यांचे नाव मात्र चटकन कोणाच्या ओठावर येत नाही. मधल्या वर्षांत या माणसाने काय केले, ते आज पाहू.

लाल यांचा जन्म १९१७चा, लुधियानाचा. वयाच्या सतराव्या वर्षी त्यांनी हौशी वैमानिकाचा परवाना मिळवला. पुढे शिक्षणासाठी लंडनला गेले. दुसरे महायुद्ध सुरू झाले नसते तर ते कदाचित पत्रकार किंवा वकील झाले असते. १९३९ मध्ये ते हवाई दलात आले आणि ब्रह्मदेशच्या आघाडीवर सात क्रमांकाच्या स्क्वाड्रनमधून लढले. या स्क्वाड्रनकडे व्हेंजन्स नावाची बाँबफेकी विमाने होती. जंगलात अडकलेल्या पायदळासमोरचा शत्रू वरून टिपायचा, हे तिचे काम. खालचा सैनिक आपल्याकडे कोणत्या आशेने पाहतो, हे लाल यांनी तरुणपणीच अनुभवले होते. या कामगिरीबद्दल त्यांना ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस’ मिळाला.

त्यांची पुढची वाट मात्र सरळ नव्हती. काही वर्षे त्यांनी इंडियन एअरलाइन्सचा कारभार पाहिला. १९६२ मध्ये संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याशी खटका उडाला आणि त्यांना सेवेतून दूर करण्यात आले. दुसरा कोणी असता तर तिथेच संपला असता. पण चीनच्या युद्धानंतर मेनन गेले, संरक्षण खाते यशवंतरावांकडे आले आणि लाल सेवेत परतले. दोन वर्षांनी ते उपप्रमुख झाले आणि वर्षभरातच १९६५चे युद्ध उभे राहिले.

त्या युद्धातले आणखी दोन दिवस त्यांच्या मनात घर करून राहिले असणार. ६ सप्टेंबरला पठाणकोटवर पाकिस्तानी विमाने आली आणि उघड्यावर उभी असलेली आपली जवळपास दहा विमाने जळाली. त्यात नवी कोरी मिग-२१ही होती. दुसऱ्या दिवशी बंगालमध्ये कलाईकुंडाला तसेच घडले. विमान हवेत असते तेव्हा ते अस्त्र असते. जमिनीवर उघडे उभे असते तेव्हा ते केवळ एक मोठे लक्ष्य असते. हा धडा महाग पडला.

१९६६ मध्ये लाल हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे प्रमुख झाले. आपल्या नाशिकजवळच्या ओझरला मिग-२१ विमानांची जुळणी सुरू झाली ती याच सुमारास. विमान कारखान्यातून बाहेर कसे पडते, सुटे भाग कुठे अडतात, हेही त्यांनी जवळून पाहिले. मग १६ जुलै १९६९ रोजी ते हवाई दलप्रमुख झाले.

आता त्यांनी केलेली कामे पाहा. ऐकायला अगदी रुक्ष वाटतील.

पहिले काम निवाऱ्यांचे. १९६५ नंतर सीमेजवळच्या विमानतळांवर लढाऊ विमानांसाठी जाड काँक्रीटचे, मातीने झाकलेले निवारे बांधायला घेतले होते. त्याबरोबरच विमाने एका रांगेत उभी न करता पांगवून ठेवायची, धावपट्टीला खड्डा पडला तर तो रातोरात बुजवायची तयारी ठेवायची, असे दंडक पडले.

दुसरे काम अधिक अवघड, कारण ते माणसांच्या मनाशी होते. कुठल्याही हवाई दलाला वाटते की आधी शत्रूचे हवाई दल संपवावे, मग बाकीचे. लाल यांनी क्रम वेगळा लावला. सर्वांत आधी आपले आकाश आणि आपले तळ सांभाळायचे. त्याच्या अगदी खालोखाल भूदलाला आणि नौदलाला मदत. शत्रूच्या मुलखात खोलवर बाँबफेक त्यानंतर. युद्धाचा निकाल शेवटी जमिनीवर लागतो, हे हवाई दलप्रमुखाने मान्य करणे सोपे नसते.

तिसरे काम एकत्र बसण्याचे. पूर्वेकडे भूदलाचे मुख्यालय कोलकात्यात फोर्ट विल्यममध्ये, तर हवाई दलाचे शिलाँगला डोंगरात. मधे शेकडो किलोमीटर. लाल यांनी फोर्ट विल्यममध्येच हवाई दलाचे एक पुढचे मुख्यालय थाटले. भूदलाच्या कोअरबरोबर हवाई दलाची केंद्रे आली आणि पुढच्या फळीवर सैनिकांसोबत हवाई दलाचे अधिकारी रेडिओ संच घेऊन उभे राहिले. वरच्या वैमानिकाला खालून ‘तो रणगाडा नव्हे, त्याच्या पलीकडचा’ असे सांगणारा आवाज मिळाला. छांबला नेमका हाच आवाज नव्हता.

३ डिसेंबर १९७१च्या संध्याकाळी परीक्षेची घंटा वाजली. त्या रात्रीचा ब्लॅकआऊट, सायरनचे भोंगे आणि खिडक्यांना चिकटवलेले काळे कागद अनेकांना आजही आठवतात. पाकिस्तानी विमानांनी अमृतसर, पठाणकोट, श्रीनगरपासून आग्र्यापर्यंतच्या विमानतळांवर हल्ले केले. १९६५ची पुनरावृत्ती त्यांना हवी होती. पण विमाने निवाऱ्यांत होती. नुकसान थोडके झाले, आणि त्याच रात्री आपली कॅनबेरा विमाने पाकिस्तानी तळांवर पोहोचली.

५ डिसेंबरच्या पहाटे राजस्थानात लोंगेवालाच्या ठाण्यावर मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांची एकच तुकडी शत्रूच्या रणगाड्यांना रात्रभर थोपवून होती. जैसलमेरची हंटर विमाने रात्री लढू शकत नव्हती. उजाडताच ती आली आणि वाळूतले रणगाडे एकेक करून टिपले गेले. पूर्वेला ६ डिसेंबरला मिग-२१ विमानांनी ढाक्याच्या तेजगाव विमानतळाच्या धावपट्टीवर नेमके बाँब टाकून तिला खड्डे पाडले. तिथली सेबर विमाने पुन्हा उडू शकली नाहीत. पूर्वेचे आकाश मोकळे झाले. ११ डिसेंबरला टांगाइलला आपले छत्रीधारी सैनिक उतरले ते त्यामुळेच.

आणि १४ डिसेंबर. ढाक्यात गव्हर्नरांच्या उपस्थितीत बैठक आहे, असा एक बिनतारी संदेश आपल्या हाती लागला. बैठकीला जेमतेम तासाभराचा अवधी होता. शिलाँगहून निरोप गुवाहाटीला गेला. विंग कमांडर बिश्नोई निघण्याच्या बेतात असताना ऐनवेळी लक्ष्याची इमारत बदलल्याची चिठ्ठी आली. हातात होता तो पर्यटकांचा नकाशा. तरीही चार मिग-२१ वेळेवर ढाक्यावर पोहोचली आणि गव्हर्नमेंट हाऊसच्या छतावर रॉकेटे पडली. गव्हर्नर मलिक यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. दोन दिवसांनी ढाक्यात शरणागती झाली.

छांबलाही तासाभरात विमाने उडाली होती आणि ढाक्यासाठीही. घड्याळ तेच, धाडसही तेच. फरक पडला तो मधल्या सहा वर्षांच्या गृहपाठाने.

हे युद्ध फुकटात जिंकले गेले नाही. विमाने आपणही गमावली आणि वैमानिकही. त्याच १४ डिसेंबरला श्रीनगरवर आलेल्या सेबर विमानांशी लढताना फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीतसिंग सेखों यांनी प्राण दिले. गृहपाठाने मृत्यू टळत नाही. तो व्यर्थ जाण्याची शक्यता कमी होते, एवढेच.

जानेवारी १९७३ मध्ये लाल निवृत्त झाले. १९७२ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले होते. निवृत्तीनंतर ते पुन्हा इंडियन एअरलाइन्सकडे गेले, तिथे कामगार संघटनांशी झगडले आणि १९८२ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या आठवणींचे पुस्तक पत्नी इला लाल यांनी पुढे १९८६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात १९६५च्या चुका त्यांनी लपवलेल्या नाहीत. दोन्ही सेनादलांनी एकत्र बसून आखणी केली नव्हती, हे ते स्पष्टपणे लिहितात. ज्या युद्धात आपण स्वतः उपप्रमुख होतो त्याबद्दल असे लिहायला मोकळे मन लागते.

पराभवातून शिकणे त्या मानाने सोपे असते, कारण तो झोपू देत नाही. १९६५ नंतर देशात विजयाचे ढोल वाजत होते. ते ऐकत असतानाही न परतलेल्या चार विमानांचा हिशेब लाल यांनी लक्षात ठेवला. आपल्या घरात, कचेरीत, शाळेत काहीतरी साजरे होत असते, तेव्हा असा हिशेब ठेवणारा एखादा माणूस कोपऱ्यात बसलेला असतो. त्याला किरकिऱ्या म्हणून गप्प करू नये.