आंबील: रात्रभर पातेल्यात चाललेलं काम

पावसाच्या मापाने पाहिलं तर नगर जिल्ह्याचे दोन जिल्हे होतात. पश्चिमेला अकोले तालुक्यातला घाटघर-रतनवाडीचा पट्टा. तिथे काही वर्षी पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि कळसूबाईच्या उतारांवर भात, नागली, वरई पिकते. पूर्वेला कर्जत, जामखेड, पाथर्डी, शेवगाव. तिथे सगळा भरवसा परतीच्या पावसावर आणि त्याच्या ओलीवर काळ्या रानात येणाऱ्या शाळूवर. एका टोकाचं धान्य दुसऱ्या टोकाला क्वचितच शिजतं. पण उन्हाळा लागला की दोन्हीकडे रात्री पातेल्यात पीठ भिजत पडतं आणि सकाळी आंबील होते. तिकडे नागलीची, इकडे ज्वारीची, मधल्या भागात बाजरीचीही. जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं. त्याच्या कितीतरी आधीपासून ही आंबील इथे आहे.

जगात घरच्या घरी बिअर करण्याचा छंद लाखो लोकांना आहे. त्या छंदाचं आपल्याकडचं सख्खं भावंड शोधायचं तर ते या पातेल्यात सापडतं. धान्य तेच, पाणी तेच, वाट बघणंही तेच. फरक एवढाच, की आपल्याकडे याला कुणी छंद म्हणत नाही. त्यामुळे ते कुणी मुद्दाम शिकत नाही आणि कुणी मुद्दाम शिकवतही नाही. मला वाटतं, ते शिकवायला हवं.

आधी पातेल्यापाशी जाऊ. रात्री ज्वारीचं पीठ पाण्यात कालवतात, त्यात आदल्या दिवशीच्या आंबट ताकाची थोडी धार सोडतात आणि झाकण थोडं सैल ठेवतात. दोन-तीन तासांत पीठ तळाशी बसतं, वर दुधट पाणी राहतं. मध्यरात्रीनंतर या पाण्यावर बारीक बुडबुडे धरू लागतात. पहाटे झाकण उचललं की कच्च्या पिठाचा वास गेलेला असतो आणि नाकाला स्वच्छ, ताकासारखा आंबूस वास येतो. पळीने ढवळलं की तळातून बुडबुड्यांची माळ वर येते. मग दुसऱ्या भांड्यात मीठ घालून पाणी उकळायला ठेवायचं आणि उकळी फुटली की एका हाताने पीठ सोडत दुसऱ्या हाताने ढवळत राहायचं. इथे हात थांबला की गुठळ्या झाल्याच. पाच मिनिटांत पांढुरकं पीठ चकाकू लागतं, पळीला धरतं. खाली उतरवून निवली की ताक घालून पातळ करायची, त्यात ठेचलेला लसूण, जिरं, थोडी मिरची, कोथिंबीर. रानात जाताना बरोबर न्यायची ती हीच.

त्या रात्रभरात जे घडतं ते फार देखणं आहे. धान्याच्या सालीवर, पिठात, आणि अर्थातच ताकात जिवाणू असतात. सुरुवातीला सगळ्या जातींची गर्दी असते. पिठातली साखर खाऊन त्यातले काही लॅक्टिक आम्ल सोडतात, पीठ आंबट होत जातं आणि आंबटपणा न सोसणारे मागे पडतात. रोग करणारे बहुतेक जिवाणू याच मागे पडणाऱ्यांत असतात. म्हणून नीट आंबलेलं पीठ नुसत्या भिजलेल्या पिठापेक्षा सुरक्षित असतं. दुसरं काम त्याहून मोलाचं. ज्वारी, बाजरी, नागली या सगळ्यांत फायटिक आम्ल असतं. ते लोह आणि जस्त धरून ठेवतं, अंगी लागू देत नाही. आंबट पाण्यात धान्याचंच फायटेज हे विकर जागं होतं आणि ती पकड सैल करतं. नागलीत शंभर ग्रॅममागे तीनशे मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं, दुधाच्या अडीचपट. ते पोटात पोचल्यावर उपयोगी पडावं यासाठी एका रात्रीची उसंत द्यायची, इतकीच या धान्याची मागणी आहे.

बिअर करणाऱ्याचं काम आंबिलीच्या किती जवळचं आहे हे नागलीच्या सत्त्वावरून कळतं. नागली भिजवायची, मोड आणायचे, वाळवायची, दळायची. हे पीठ आपण बाळाला देतो. मोड येताना दाण्यात अमायलेज तयार होतं आणि ते पिष्टाची साखर करतं, म्हणून सत्त्वाची पेज पातळ आणि गोडसर लागते. जवावर हेच केलं की त्याला माल्ट म्हणतात आणि तिथून बिअर सुरू होते. पुढे फक्त वाट फुटते. यीस्टच्या हाती दिलं तर मद्य, लॅक्टिक जिवाणूंच्या हाती दिलं तर आंबील. सिक्कीममध्ये आणि पूर्व नेपाळात आपल्याच नागलीची तोंगबा करतात. आंबवलेल्या दाण्यांवर गरम पाणी ओतून बांबूच्या नळीने ओढतात. तामिळनाडूत कूळ, रशियात राईच्या पावाचं क्वास, तुर्कस्तानात बोझा. गोतावळा मोठा आहे.

मद्याच्या वाटेबद्दल आपल्या जिल्ह्यात मोघम बोलून भागत नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय दारू तयार करणं गुन्हा आहे, मग ती विकायची नसली तरी. परवाने घेऊन चाललेलं काम इथे मोठंच आहे. प्रवरेच्या काठी १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटलांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, त्यामागे जिल्हाभर कारखाने आले आणि मळीपासून अल्कोहोल काढणारे प्रकल्पही आले. यीस्ट तिथे भल्या मोठ्या टाक्यांत राबतं. दुसरीकडे पारनेर तालुक्यातलं राळेगणसिद्धी. अण्णा हजाऱ्यांनी गाव उभं करायला घेतलं तेव्हा पहिल्या कामांत होतं दारूच्या भट्ट्या बंद करणं, कारण त्या भट्ट्यांनी घरं खाल्ली होती. आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये, जिल्हा परिषदेच्या निवडणुकीच्या तोंडावर, नगर तालुक्यातल्या पांगरमलला विषारी दारूने माणसं मारली. हे सगळं ज्या जिल्ह्याने पाहिलं, तिथे घरी दारू गाळायला कुणाला उत्तेजन द्यावं असं मला मुळीच वाटत नाही. आंबवण्याची गोडी लागलेल्या माणसाला आंबिलीत पुरेसं काम आहे.

घरी बिअर करण्याच्या छंदाकडून एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. ब्रिटनमध्ये घरी बिअर करायला लागणारा परवाना १९६३ मध्ये गेला. अमेरिकेत १९७८ मध्ये जिमी कार्टर यांनी कायद्यावर सही केली आणि त्याच वर्षी चार्ली पापाझियन यांनी बोल्डर शहरात घरी बिअर करणाऱ्यांची संघटना काढली. त्याआधी काही वर्षं ते तिथे वर्ग घेत होते. अशा मंडळांत नवा माणूस आपली बिघडलेली बाटली घेऊन येतो आणि जुनी माणसं ती चाखून सांगतात: हा वास भांडं नीट न धुतल्याचा, हा उष्णता जास्त झाल्याचा. दोषाला नाव असतं, कारण असतं, उपाय असतो. नवा माणूस टिकतो तो यामुळे.

आपल्याकडे आंबील येणाऱ्या बाईला विचारलं की उत्तर येतं, “अंदाजाने घालायचं.” तिचा अंदाज शंभर टक्के खरा असतो, चाळीस उन्हाळ्यांचा असतो. पण नगर शहरातल्या फ्लॅटमध्ये पहिल्यांदा पीठ भिजवणाऱ्या सुनेला किंवा हडपसरला खोली करून राहणाऱ्या पोराला तो कसा मिळणार? त्यांना आकडे हवेत. म्हणून इथे देतो.

अर्धी वाटी ज्वारीचं पीठ, एक वाटी उकळून गार केलेलं पाणी, दोन चमचे आंबट ताक. पीठ ताजं दळलेलं हवं, जुन्या पिठाला कडवटपणा येतो. भांडं स्टीलचं किंवा मातीचं. कल्हई गेलेल्या तांब्या-पितळेत आंबट ठेवू नये. उन्हाळ्यात घरात पस्तीस अंश असतील तर आठ तास पुरतात, डिसेंबरात वीस अंशांना जवळजवळ पूर्ण दिवस लागतो. शिजवायला तीन वाट्या पाणी. घड्याळ बघा, पण निकाल नाकावर सोडा. ताकासारखा वास म्हणजे झालं. पिठासारखाच वास म्हणजे अजून थांबा. कुजका, उग्र वास, किंवा वर काळी, गुलाबी, केसाळ बुरशी दिसली तर सगळं टाकून द्या, वरचं काढून खालचं वापरू नका. फार आंबट झाली तर पुढच्या वेळी दोन तास कमी. शिजवताना जिवाणू मरतात, म्हणून ताक निवल्यावरच घालायचं. पहिली आंबील बहुतेक वेळा गुठळ्यांची होते. त्यावर उपाय रवी.

कुणी पहिल्यांदा करणार असेल तर त्याला कृतीबरोबर वाटीभर आंबलेलं पीठही द्यावं. त्याचा पहिला प्रयत्न हमखास जमतो, आणि जमलं की माणूस दुसऱ्यांदा करतो. अशा देण्याघेण्याचं मोठं उदाहरण याच जिल्ह्यात आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल, घेवडे, भाज्या, भात यांची गावरान बियाणी घरात जपली, बाएफ संस्थेच्या साथीने त्यांची बीजबँक झाली आणि २०२० च्या यादीत त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बियाणं न्यायचं, पेरायचं, पीक आलं की परत आणून द्यायचं, ही तिथली रीत. जपलेलं वाटल्याशिवाय टिकत नाही हे त्या कामातून दिसतं. धान्याच्या बाजूने बोलायचं तर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने फुले रेवती, फुले सुचित्रा यांसारखे रब्बी ज्वारीचे वाण दिले आहेत. आणि मोहोळची जुनी मालदांडी अजूनही भाकरीसाठी लोक मागून घेतात. आंबिलीला मला मालदांडीच आवडते. चकाकी चांगली येते.

वाटण्याची सवय सणावारातही आहे. कोल्हापूरला ओढ्यावरच्या रेणुकेच्या आंबील यात्रेत घरोघरून आंबील, वडी-भाकरी, गाजर, कांद्याची पात येते आणि लोक देवळाच्या आवारात एकत्र बसून जेवतात. मराठवाड्यात आणि त्याला लागून असलेल्या आपल्या भागात ज्येष्ठा गौरींच्या जेवणाला पुरणपोळी आणि सोळा भाज्यांबरोबर ज्वारीच्या पिठाची आंबील असते. पुष्कळ घरांत वर्षातून तेवढ्या एका दिवशीच ती उरली आहे. त्याच दिवशी घरातल्या धाकट्यांच्या हाती पळी द्यावी, आणि पीठ आदल्या रात्रीच त्यांना कालवायला लावावं.

आंबलेलं पीठ जास्त झालं तर ते वाया जात नाही. त्यात थोडं बेसन, कांदा, हिरवी मिरची, मीठ घालून तव्यावर धिरडी घालावीत. आंबट पिठाच्या धिरड्याला जाळी छान पडते, आणि सोबत लसणाची चटणी असली तर दुसरं काही लागत नाही.