दम कमवावा लागतो

२३ मे १९८४ रोजी दुपारी एक वाजून सात मिनिटांनी बचेंद्री पाल एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचल्या. तिथे पाय ठेवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. एवढं आपल्या मुलांना सामान्य ज्ञानाच्या पुस्तकामुळे पाठ असतं. पण पुढे त्यांनी काय केलं, हे फारसं कुणी सांगत नाही. पुढची जवळपास पस्तीस वर्षं त्यांनी इतरांना, त्यातही बायकांना, डोंगर चढायला शिकवलं. आरोग्याच्या पानावर आम्ही त्यांच्याबद्दल लिहितोय ते याचसाठी. अंगातला दम कुणी जन्मताना घेऊन येत नाही. तो थोडा थोडा कमवावा लागतो आणि शिकवणारं कुणी भेटलं तर लवकर कमावता येतो.

शिवणकाम ते शिखर

उत्तराखंडातल्या उत्तरकाशी जिल्ह्यातलं नाकुरी हे त्यांचं गाव. वडील सीमेपलीकडे तिबेटात माल नेऊन व्यापार करायचे. परिस्थिती बेताची. बचेंद्री यांनी कपडे शिवून शिक्षणाला हातभार लावला, संस्कृतात एम. ए. केलं, बी. एड. केलं. तरी नोकरी मिळायची ती तात्पुरती आणि तुटपुंज्या पगाराची. मग त्या उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत दाखल झाल्या. शिकलीसवरली मुलगी मास्तरीण व्हायचं सोडून डोंगर चढते, हे घरच्यांना पटणारं नव्हतं. १९८२ मध्ये त्यांनी गंगोत्री आणि रुद्रगैरा ही शिखरं सर केली आणि त्याच सुमारास मुलींना गिर्यारोहण शिकवायलाही सुरुवात केली. म्हणजे एव्हरेस्टच्या आधीपासूनच त्या प्रशिक्षक होत्या.

एव्हरेस्टच्या मोहिमेत १५ मेच्या रात्री बर्फाचा प्रचंड कडा कोसळून तंबूंवर आला. बचेंद्री आत झोपल्या होत्या. डोक्याला मागून मार बसला, अंगावर बर्फाचा ढीग. सहकाऱ्याने चाकूने तंबू फाडून त्यांना ओढून बाहेर काढलं. कित्येक जण जखमी होऊन खाली परतले, त्या थांबल्या. शिखराच्या आदल्या दिवशी साउथ कोल या सुमारे ७,९०० मीटर उंचीवरच्या तळावर त्या आधी पोहोचल्या होत्या. मागचे सोबती अजून खाली होते. त्यांनी एका थर्मासात चहा, दुसऱ्यात रस भरला आणि बर्फाळ वाऱ्यात पुन्हा खाली उतरून त्यांना नेऊन दिला.

उंचीवर शरीराचं काय होतं

एव्हरेस्टच्या माथ्यावर एका श्वासात आपल्याला इथल्या जेमतेम एक तृतीयांश प्राणवायू मिळतो. इथला माणूस एकदम तिथे नेऊन ठेवला तर काही मिनिटांत बेशुद्ध पडेल. म्हणून गिर्यारोहक दिवसा वर चढतात, झोपायला खाली येतात, दुसऱ्या दिवशी थोडं आणखी वर जातात. या सवयीने श्वास खोल होतो आणि शरीर जास्त तांबड्या पेशी तयार करू लागतं. याला आठवडे लागतात. घाई केली की आधी डोकं दुखतं, मळमळतं, झोप लागत नाही. तेव्हा आणखी वर न चढता थांबायचं. बसल्या जागी धाप लागली, फेसाळ थुंकी पडू लागली, चालताना तोल जाऊ लागला किंवा बोलणं असंबद्ध झालं, तर जीव धोक्यात आहे. अशा माणसाला रात्र असली तरी ताबडतोब खाली आणायचं. गिर्यारोहणाच्या शिक्षणात दोरी-खिळ्यांइतकाच हा धडा मोठा असतो : शरीराची सूचना ऐकायची आणि परत फिरायला लाजायचं नाही.

आपल्यापैकी कुणी लेहला विमानाने जाणार असेल, तर लक्षात ठेवा. ते साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे. पहिले दोन दिवस नुसता आराम करा.

त्यांनी घडवलेल्या बायका

जमशेदपूरच्या टाटा स्टील अॅडव्हेंचर फाउंडेशनच्या प्रमुख म्हणून बचेंद्री पाल यांनी २०१९ पर्यंत काम केलं. १९९३ मध्ये भारत-नेपाळ महिलांची एव्हरेस्ट मोहीम त्यांच्या नेतृत्वाखाली गेली. पुढच्याच वर्षी १८ महिलांना घेऊन त्यांनी हरिद्वार ते कलकत्ता हा गंगेतला दोन हजार किलोमीटरहून मोठा प्रवास रबरी होड्यांतून केला.

जमशेदपूरच्याच प्रेमलता अग्रवाल दोन मुलींच्या आई, गृहिणी. पस्तिशी उलटल्यावर डोंगराकडे वळल्या. बचेंद्री यांच्या हाताखाली वर्षानुवर्षं तयारी केली आणि मे २०११ मध्ये एव्हरेस्ट चढल्या. त्याच वर्षी व्हॉलीबॉलपटू अरुणिमा सिन्हा यांना लुटारूंनी धावत्या रेल्वेतून ढकललं. डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. उपचार संपताच त्या बचेंद्री यांच्याकडे गेल्या. कापलेल्या पायाची कातडी किती नाजूक असते, कृत्रिम पाय सुरुवातीला किती घासतो, हे आम्ही वॉर्डात पाहिलं आहे. २१ मे २०१३ रोजी अरुणिमा त्या पायाने एव्हरेस्टवर पोहोचल्या. ८ मार्च २०२२ ला सदुसष्टाव्या वर्षी बचेंद्री पुन्हा निघाल्या, अरुणाचलपासून लडाखपर्यंत हिमालय पायी ओलांडायला. सोबत पन्नाशी पार केलेल्या बायका.

आपल्या जिन्यापुरतं

आपल्याला एव्हरेस्ट चढायचं नाही. पण पाण्याचा हंडा घेऊन दुसऱ्या मजल्यावर जाताना धाप लागत असेल, तर 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका. तांबड्या पेशी कमी असल्या की बाईचं शरीर सपाट जमिनीवरही उंच डोंगरावर असल्यासारखं दमतं. देशात १५ ते ४९ वयाच्या दर १०० स्त्रियांपैकी ५७ जणींना रक्तक्षय आहे, असं २०१९-२१ चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं. सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून घ्या. ते १२ च्या खाली असेल तर लोहाच्या गोळ्या सांगितल्याप्रमाणे पूर्ण घ्या, चहासोबत घेऊ नका. बसल्या जागी धाप लागते, पायाला सूज येते किंवा छातीत दुखतं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

तपासणीत सगळं ठीक निघालं, तर रोज अर्धा तास चाला. बोलता येईल एवढ्याच वेगाने सुरुवात करा, दर आठवड्याला थोडं वाढवा. आणि एकट्या जाऊ नका, शेजारणीलाही हाक मारा.