पिरॅमिडखालचं ब्लेड

'ऊर्जेसाठी' विकायला ठेवलेला तांब्याचा पिरॅमिड दिसला, की मला ब्लेड आठवतं. दाढीचं!

प्रागचे रेडिओ इंजिनिअर कारेल द्रबल यांचा दावा होता, की पिरॅमिडच्या आकारात ठेवलेलं ब्लेड पुन्हा धार धरतं. 1959 मध्ये त्यांना त्यावर चेकोस्लोव्हाकियात चक्क पेटंट मिळालं. 1973 मध्ये पॅट्रिक फ्लॅनगन यांचं 'पिरॅमिड पॉवर' हे पुस्तक आलं आणि हे वेड जगभर पसरलं. आपल्याकडे तर वास्तुशास्त्राने पिरॅमिड घरातच आणून बसवला.

मला या विषयाचा भारी नाद. तरी खरं सांगतो, पेटंट म्हणजे सिद्धता नव्हे. 'मिथबस्टर्स' या टीव्ही मालिकेच्या चाचणीत पिरॅमिडचे दावे टिकले नाहीत. ब्लेड नुसतं कोरडं ठेवलं तरी जास्त टिकतं, हे विसरू नका. आकाराचा परिणाम आवाजावर, वाऱ्यावर मात्र नक्की होतो. विजापूरच्या गोलघुमटात कुजबुजून बघा!

घरी करून पाहायचंय? पुठ्ठ्याचे चार त्रिकोण कापा : पाया 23 सेंमी, बाजू 21.9 सेंमी. उंची साधारण 14.6 सेंमी भरते, म्हणजे गिझाच्या मोठ्या पिरॅमिडचं मूळ प्रमाण. आत 5 सेंमी उंचीवर सफरचंदाची फोड ठेवा. दुसरी फोड त्याच पुठ्ठ्याच्या 13.7 सेंमीच्या चौकोनी खोक्यात, तेवढ्याच उंचीवर. शेवटी कुठली फोड कुठली हे न सांगता, कुठली जास्त टिकली याचा निवाडा घरच्यांना करू द्या.

फोटो टाका. आणि पिरॅमिडच्या भरवशावर बीपीची गोळी बंद करू नका, प्लीज.