हातांच्या भेगा : आधी पाणी, मग तेल

पौष-माघात वरवंडच्या शिवारातून चक्कर मारली, तर वाफ्यावाफ्यांतून कांद्याची लागण चाललेली दिसते. पुणे-सोलापूर रस्त्यावरचे, दौंड तालुक्यातले हे गाव. पाऊस बेताचाच, पण खडकवासल्याहून येणारे कालव्याचे पाणी आणि गावाजवळचा व्हिक्टोरिया तलाव यांमुळे इथे ऊस, कांदा, भाजीपाला होतो. लागण करणाऱ्या बायांचे हात सकाळपासून चिखलात असतात. वाफ्यात पाणी सोडायचे, ओल्या मातीत बोटाने रोप दाबायचे, पुढे सरकायचे. मध्येच हात वाळतात, त्यांवरची माती तडतडते, की ते पुन्हा पाण्यात जातात. आठ दिवसांत बोटांच्या पेरांवर आणि अंगठ्याच्या कडेला चिरा पडतात. मग भाजीत मीठ-तिखट घालताना जीव कळवळतो.

रात्री जेवणखाण उरकले, की या हातांना खोबरेल चोळले जाते. थोड्या वेळाने तेल ‘जिरते’, आणि सकाळी हात पुन्हा खरखरीत! तुमच्या घरी आईचे किंवा आजीचे हात असेच असतील, तर ही तक्रार तुम्ही ऐकलीच असेल. विद्यार्थिमित्रांनो, मग तेलाने कातडे मऊ होते की नाही?

हाच प्रश्न अर्विन ब्लँक या अमेरिकन संशोधकाने प्रयोगशाळेत तपासला आणि १९५२ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याने घट्ट्याच्या वाळलेल्या कातड्याचे तुकडे घेतले. काही तुकडे तेलांत बुडवून ठेवले. बरेच दिवस तेलात राहूनही ते कडकच राहिले. वाकवले की मोडत. तेच तुकडे पाण्यात घातल्यावर मात्र लवचीक झाले. कातड्याच्या वरच्या थरातील पाणी सुमारे १० टक्क्यांच्या खाली गेले, की तो ठिसूळ होतो, असेही त्याला आढळले. म्हणजे कातडे मऊ राहते ते पाण्यामुळे.

यावर विश्वास ठेवण्यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही. पायाची नखे काढाल तेव्हा त्यांचे जाडसर तुकडे जपून ठेवा. नखे आणि कातड्याचा वरचा थर दोन्ही केराटिन या प्रथिनाचीच बनलेली असतात. एका वाटीत पाणी आणि दुसरीत गोडे तेल घ्या, आणि दोन्हींत दोन-दोन तुकडे रात्रभर ठेवा. सकाळी वाकवून पाहा. तेलातला तुकडा कडक असेल. पाण्यातला सहज वाकेल. आता प्रयोगाचा दुसरा भाग, आणि खरी गंमत त्यातच आहे. पाण्यातले दोन्ही तुकडे पुसा. एक तसाच उघडा ठेवा, दुसऱ्याला सगळीकडून व्हॅसलीन माखा. दोन तासांनी दोन्ही वाकवून पाहा आणि काय झाले ते वहीत लिहून ठेवा.

हातावर नेमके हेच घडते. आपल्या बाह्यत्वचेच्या सर्वांत वर मृत, चपट्या पेशींचा थर असतो. त्याला शृंगस्तर म्हणतात. विटांची भिंत डोळ्यांपुढे आणा. पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्यामधली मेदद्रव्ये म्हणजे चुना. या विटांच्या आत पाणी धरून ठेवणारे काही विद्राव्य पदार्थ असतात, आणि चुना ते पाणी बाहेर जाऊ देत नाही. अंगावर बहुतेक ठिकाणी ही भिंत मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाहूनही पातळ असते. तळहात आणि तळपाय यांवर ती कित्येक पट जाड असते. तळहाताची आणखी एक अडचण आहे. तिथे घामाच्या ग्रंथी भरपूर, पण तैलग्रंथी एकही नाही! चेहऱ्याला शरीराकडून आपोआप तेल मिळते, तळहाताला मिळत नाही.

आता काळ्या मातीकडे वळू. आपली काळी जमीन बेसाल्ट खडकाच्या झिजेतून तयार झाली आहे. तिच्यातील चिकणमातीचे कण अतिशय बारीक आणि पापुद्र्यांसारखे असतात. पाणी मिळाले की ही माती फुगते, वाळली की आकसते. म्हणून तर उन्हाळ्यात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ती हातावर वाळते तेव्हा कातड्यावरचे पाणी आणि तेलकटपणा शोषून घेते. चेहऱ्याचा तेलकटपणा घालवायला मुलतानी माती लावतात, त्यामागे हेच शास्त्र आहे. शिवाय पुन्हापुन्हा ओल्या होण्यामुळे शृंगस्तरातले पाणी धरणारे पदार्थ धुऊन जातात. संध्याकाळी हात साबणाने किंवा राखेने खसखसून घासले जातात. दोन्ही अल्कधर्मी, आणि निरोगी कातडे तर किंचित आम्लधर्मी असते. अशा घासण्याने विटांमधला चुनाही सुटतो. विहिरीचे पाणी जड असेल तर साबणाचा चिकट साका हातावर राहतो, तो निराळाच.

उरलेसुरले काम हवा करते. थंडीत पहाटे उसाच्या पानांवर दव असते, मग हवा कोरडी कशी? हिशेब करून पाहू. १० अंश सेल्सिअस तापमानाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ९.४ ग्रॅम बाष्प मावते, तर ३० अंशांना सुमारे ३०.४ ग्रॅम. पहाटे १० अंशांना हवा बाष्पाने पूर्ण भरलेली आहे असे धरा. दुपारी तीच हवा ३० अंशांपर्यंत तापली, तर बाष्प तेवढेच, पण सापेक्ष आर्द्रता उरते जेमतेम ३१ टक्के. अशी तहानलेली हवा ओल्या मातीचे पाणी ओढते तसे हाताचेही ओढते. पाणी गेलेला जाड थर आकसतो. पेर वाकवताना त्याला ताणता येत नाही, आणि जिथे रोजची घडी पडते तिथेच तो फाटतो. अगदी रानातल्या भेगांसारखा.

तर तेलाचे काम काय? झाकणाचे. खोबरेल किंवा तूप कातड्यावर पातळ थर करते, पेशींमधल्या फटी काही अंशी भरते आणि आतले पाणी उडू देत नाही. पण आत पाणीच नसेल तर झाकण कशावर ठेवणार? रात्री वाळलेल्या हातांना चोळलेले तेल बरेचसे अंथरुण-पांघरुणालाच लागते. त्याऐवजी झोपण्यापूर्वी हात दहा मिनिटे कोमट पाण्यात ठेवावेत. कढत पाणी नको. ते आणखी मेद काढून घेते. मग फडक्याने नुसते टिपून, हात दमट असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत तेल लावावे आणि वर जुने सुती पायमोजे हातांत चढवावेत. दिसायला विनोदी खरे, पण सकाळी फरक कळतो.

झाकणांतही कमी-अधिक प्रत आहे. पातळ तेल लवकर पुसले जाते. रॉबर्ट चेसब्रो याने १८७२ साली पेटंट घेतलेले व्हॅसलीन हे खनिज तेलापासून मिळणारे मलम. ते पाणी अडवण्यात फार सरस आहे आणि स्वस्तही. कोकणात कोकमाच्या बियांपासून काढलेले घट्ट तूप वापरतात. मुठीने वळलेले म्हणून त्याला मुठेल म्हणतात. ते साधारण शरीराच्या तापमानापेक्षा थोड्या वरच वितळते, म्हणून थंडीत दगडासारखे असते. थोडे पातळ करून भेगेत भरले, की तिथेच थिजून बसते. घरीही मलम करता येईल. एक भाग मधाच्या पोळ्याचे मेण आणि चार भाग तिळाचे तेल वाटीत घ्यावे, आणि ती वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली वितळवावे. ग्लिसरीनची रीत वेगळी. ते स्वतः पाणी ओढून धरते, पण कोरड्या हवेत निखळ लावले तर कातड्यातूनच ओढते. म्हणून त्यात निम्मे पाणी घालावे.

औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या काही मलमांवर ‘युरिया १० टक्के’ असे लिहिलेले असते. हाच का तो गोणीतला युरिया, असे तुम्ही विचाराल. रासायनिक दृष्ट्या हाच. कातड्यात पाणी धरणाऱ्या पदार्थांपैकी तो एक आहे. मात्र खताचा युरिया हातांना लावायचा नाही. तो औषधाइतका शुद्ध नसतो आणि २०१५ पासून देशात त्यावर कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो. उघड्या भेगेवर तर औषधी युरियाही झोंबतो.

पण प्रत्येक खरखरीत हात कोरडाच असतो असे नाही. हातांबरोबर पापण्या, मान, कोपरांच्या घड्या खाजत असतील, पुरळ येऊन पाणी सुटत असेल, तर बांधावरच्या गाजरगवताचा संशय घ्यावा. या परदेशी गवताची भारतातली नोंद १९५६ साली आर. एस. राव यांनी केली, ती पुण्यातलीच. १९७४ साली लोणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यापासून होणाऱ्या त्वचारोगावर शोधनिबंध लिहिला. या गवतातील पार्थेनिन हे द्रव्य काहींच्या अंगाला सोसत नाही. तिथे तेल-मलम निरुपयोगी. डॉक्टरांना दाखवायला हवे.

साधी भेगही तशी साधी नसते. भिंतीला पडलेले ते भगदाड आहे. मातीत आणि शेणखतात धनुर्वाताच्या जंतूंची बीजे वर्षानुवर्षे टिकतात. राष्ट्रीय लसीकरणात १० व्या आणि १६ व्या वर्षी ‘टीडी’ ची लस देतात, ती चुकवू नका. घरातल्या मोठ्यांनी शेवटची कधी घेतली तेही विचारा. कीटकनाशकेही धडधाकट कातड्यापेक्षा फाटक्या कातड्यातून अधिक सहज आत जातात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यात श्वासाचा वाटा होताच, पण विषाला कातड्याचीही वाट असते. भेगाळलेल्या हातांनी औषध कालवू नये. भेग लाल झाली, ठसठसू लागली, पू दिसला, तर दवाखाना गाठावा.

खुरपताना, ऊस सोलताना हातमोजे वापरता येतात. रबरी मोज्यांच्या आत सुती मोजे असले तर घामाने हात भिजत नाहीत. कांद्याच्या लागणीला मात्र मोजे चालत नाहीत. रोप बोटांना कळावे लागते, मोजे घालून वाफा उरकत नाही, हे कोणतीही बाई सांगेल. तेव्हा झाकण आधीच बसवावे. सकाळी शेतावर निघताना पेरांना आणि अंगठ्यांच्या कडांना व्हॅसलीनचे बोट फिरवावे, आणि साबणाच्या वडीवर नखे ओढून ती साबणाने भरून घ्यावीत. मग नखांत माती शिरत नाही, आणि संध्याकाळी ती काढायला हात घासत बसावे लागत नाही.