विश्लेषण : स्टार खेळाडू नव्या प्रशिक्षकाच्या शैलीत बसतो का? धनराज आणि सरदारची उदाहरणे काय सांगतात?

हॉकीत प्रशिक्षक बदलला की पहिली चर्चा संघातील सर्वांत मोठ्या नावाची होते. तो राहणार की जाणार? महाराष्ट्राने हा प्रश्न सर्वांत जवळून पाहिला तो २००४ मध्ये, धनराज पिल्लेच्या बाबतीत.

नेमके काय झाले होते?

पुण्याच्या खडकीतून आलेला धनराज चार ऑलिम्पिक आणि चार विश्वचषक खेळला. १९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेचे सुवर्ण आणि २००३ चा आशिया चषक भारताने त्याच्याच नेतृत्वाखाली जिंकला. अथेन्स ऑलिम्पिक तोंडावर असताना प्रशिक्षक राजिंदर सिंग यांना हटवून जर्मनीचे गेरहार्ड राख यांना आणण्यात आले. धनराज तेव्हा ३६ वर्षांचा होता. कर्णधार दिलीप तिर्की होता. ऑस्ट्रेलियाविरुद्ध अगदी शेवटच्या क्षणी गोल होऊन भारत ३-४ असा हरला आणि अखेर सातव्या स्थानावर राहिला. कोरियाविरुद्धच्या शेवटच्या सामन्यात धनराजला मैदान मिळाले ते अखेरच्या काही मिनिटांसाठी.

शैलीचा फरक कुठे पडतो?

धनराजची ताकद म्हणजे वेग आणि चेंडू स्टिकला चिकटवून दोन-तीन बचावपटूंना चकवत आत शिरणे. १९९० च्या दशकात ऑफसाइडचा नियम गेला आणि खेळाडू कितीही वेळा बदलण्याची मुभा आली. युरोपीय संघांनी याचा पुरेपूर फायदा घेतला. आघाडीचा खेळाडू काही मिनिटे जीव तोडून धावतो, बाहेर येतो, दम घेतो, पुन्हा आत जातो. चेंडू गेला की बचावाची सुरुवातही त्यानेच करायची. अशा गणितात एकट्याची जादू कमी आणि ठरलेली जागा जास्त मोलाची असते.

मग धनराज ‘बसत’ नव्हता का?

इतके सोपे नाही. काही आठवड्यांत कोणताही प्रशिक्षक संघाची शैली बदलू शकत नाही आणि ३६ वर्षांचा खेळाडूही आपला खेळ बदलू शकत नाही. ऑलिम्पिक संघात जागा फक्त १६. त्यातली एक जागा देऊन खेळाडूला बाकावर बसवायचे, यात संघाचेही नुकसान आणि खेळाडूचेही.

सरदार सिंगचे उदाहरण वेगळे कसे?

खेळाडू एकच, प्रशिक्षक दोन आणि उत्तरेही दोन. २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेसाठी नेदरलँड्सचे श्योर्ड मरीन्ये यांनी सरदारला वगळले. भारत चौथा आला. मे महिन्यात हरेंद्र सिंग यांनी सूत्रे घेतली आणि मधल्या फळीतला हा ३१ वर्षांचा खेळाडू परतला. ब्रेडा येथील चॅम्पियन्स ट्रॉफीत भारत अंतिम फेरीत पोहोचला. ऑस्ट्रेलियाशी १-१ अशी बरोबरी झाल्यावर शूटआउटमध्ये हरल्याने रौप्य मिळाले. मात्र जकार्ता आशियाई स्पर्धेत कांस्यावर समाधान मानावे लागले आणि सप्टेंबरमध्ये सरदारने निवृत्ती जाहीर केली. म्हणजे पुनरागमन योग्य ठरले, पण ते फार टिकले नाही.

निर्णय कसा तपासायचा?

तीन प्रश्न पुरेसे आहेत. नव्या आखणीत खेळाडूला नेमके काम कोणते? ते काम तो आजच्या वेगाने करू शकतो का? आणि प्रशिक्षकाकडे त्याला घडवायला वेळ किती आहे? पूर्वीचे गोल किंवा पदके यात मोजायची नाहीत.

जिंतूर, सेलू, गंगाखेडच्या शालेय संघातही नवे क्रीडाशिक्षक आले की हाच पेच पडतो. वगळायचे तर स्पष्ट सांगून वगळावे, घ्यायचे तर काम सोपवून घ्यावे. अथेन्समध्ये धनराजला जागा मिळाली, पण काम मिळाले नाही. खरी चूक तिथे झाली.