हिरव्या मारिओची पाळी

आमच्या घरी टीव्ही गेम आला तो मामांनी नांदेडहून आणला होता. सोबत एकच पिवळी कॅसेट. आत चिप असलेल्या त्या प्लास्टिकच्या डबीला हिंगोलीत सगळे कॅसेटच म्हणत, आणि चालली नाही तर तिच्या तोंडात जोरात फुंकर मारत. रिमोट दोन. पहिला अर्थातच दादाचा, त्यावर लाल टोपीचा मारिओ. दुसरा माझा, त्यावर मारिओचा धाकटा भाऊ लुईजी. हे नाव तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं. आमच्यासाठी तो 'हिरवा मारिओ'. 1985 सालच्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये त्याला स्वतःचं अंगसुद्धा नाही. मारिओचीच आकृती, फक्त रंग बदललेला.

आणि नियम असा, की मारिओ मेला की मग हिरव्याची पाळी. दादा लवकर मरायचा नाही. "मर ना आता!" मी ओरडायचो. "थांब की, अजून मेलो न्हाई मी," दादा पडद्यावरची नजर न काढता म्हणायचा. आई स्वयंपाकघरातून, "तिन्हीसांजेला काय मरू-मरू लावलंय रे!" तेवढ्यात लाइट जायची. दादाचा डाव बुडाला याचा आनंद, आणि आपला सुरूच झाला नाही याचं दुःख, दोन्ही अंधारात एकदमच गिळावं लागे.

त्यामुळे पुढे कॉलेजात असताना लुईजी एका खेळातून चक्क वगळला गेल्याची हकिकत कानावर आली, तेव्हा मी ती घरचं प्रकरण असल्यासारखी मनावर घेतली. ती अजून उतरलेली नाही.

23 जून 1996. जपानमध्ये निन्टेंडोने 'सुपर मारिओ 64' बाजारात आणला. मारिओ पहिल्यांदाच डावी-उजवीकडची रेघ सोडून मोकळ्या मैदानात, चहूबाजूंनी धावू लागला. लुईजी मात्र कुठेच नव्हता. खेळाचे कर्ते शिगेरू मियामोतो यांच्या मनात दोघांनी मिळून खेळायची सोय होती आणि त्यात लुईजी होता, पण मेमरी पुरेना म्हणून त्याला काढलं. त्या कॅसेटची क्षमता होती 8 एमबी. आज मोबाइलवर येणाऱ्या सुप्रभातच्या एक-दोन व्हिडिओंत ती संपेल. तेवढ्यात अख्खा किल्ला, त्यातले बर्फाचे नि लाव्ह्याचे मुलूख आणि 120 तारे बसवायचे होते. घरात जागा कमी पडली की कोणाचं अंथरूण ओसरीवर जातं, हे धाकट्यांना सांगायला नको.

पण खेळणाऱ्यांना ते पटेना. किल्ल्याच्या मागच्या अंगणात एक कारंजं आहे. त्यावर ताऱ्याचा पुतळा, आणि पुतळ्याखाली पाटी. पाटीवरची अक्षरं इतकी पुसट, की तिथं काय लिहिलंय हे ज्याने त्याने आपापल्या श्रद्धेने वाचावं. भाविकांनी वाचलं: 'एल इज रियल 2401'. म्हणजे, लुईजी खरा आहे! मग 2401चा अर्थ लावणं सुरू झालं. इतकी नाणी जमवायची का? कारंज्याभोवती इतक्या फेऱ्या मारायच्या का? मुलांनी मारल्याही. पुढे 1998 साली 'ओकारिना ऑफ टाइम' या दुसऱ्याच खेळातल्या एका गुहेत हेच पुसट चित्र पुन्हा लावलेलं निघालं. शहाण्या माणसाने तिथेच समजून घ्यावं, की ही भिंत भरायची चित्रं आहेत. भाविकांचा विश्वास उलट वाढला.

आणि जुलै 2020च्या अखेरीला निन्टेंडोच्या आतल्या जुन्या फायली फुटल्या. त्यात लुईजी सापडला. अखंड नव्हे; शरीराचे सुटे भाग. हौशी मंडळींनी ते जोडून त्याला उभा केला. बाजारात आलेल्या कॅसेटमध्ये तो नव्हता, तो कारखान्याच्या माळ्यावर पडून होता. तारखांचं गणित मांडणाऱ्याने मांडलं: खेळ येऊन 24 वर्षं आणि 1 महिना झाला होता. 24, 01! हा योगायोग आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तरी त्या रात्री मला झोप लागली नाही हेही खरं. फायली चोरीच्या होत्या, ती वाट मला आवडत नाही. पण तो दिसला तेव्हा मी नजर फिरवली नाही.

लुईजी कारखान्यातच राहिला, पण पुष्कळ खेळांत वगळलेलं पात्र कॅसेटमध्येच पडून असतं. ते मुळात मागे राहतंच कशाला? शाळेचा हजेरीपट आठवा. एखादा मुलगा दाखला काढून गेला तर गुरुजी त्याच्या नावावर लाल रेघ मारतात, पान फाडत नाहीत. फाडलं तर पुढच्या सगळ्यांचे नंबर सरकतील. खेळातही प्रत्येक पात्राला नंबर असतो आणि इतर शेकडो ठिकाणी त्याच नंबराने त्याला हाक मारलेली असते. मुदत जवळ आलेली असताना मधलं एक पात्र उपटणं म्हणजे आफत. म्हणून प्रोग्रामर फक्त निवडीच्या पडद्यावरून त्याचं नाव काढतो आणि बाकीचं तसंच ठेवतो. वाड्याचा दरवाजा बुजवला तरी पलीकडची खोली असतेच. मेमरीतला तो एक नंबर बाहेरून बदलता आला, की बुजवलेला दरवाजा उघडतो.

रीत म्हणून या लपवाछपवीचा इतिहास सांगतो. 1980च्या सुमारास अटारी कंपनी खेळावर कर्त्याचं नाव छापत नसे, म्हणून वॉरेन रॉबिनेटने 'अ‍ॅडव्हेंचर' या खेळात गुप्त खोली करून तिच्यात आपलं नाव लिहिलं. पोकेमॉनच्या पहिल्या खेळात (27 फेब्रुवारी 1996) चाचणीची अवजारं काढल्यावर जेमतेम 300 बाइट मोकळे झाले. तिथे शिगेकी मोरिमोतो यांनी गुपचूप म्यू नावाचा 151वा प्राणी कोंबला. तो लोकांच्या हाती पडावा असा बेत नव्हता, पण खेळातल्या चुकीमुळे तो मुलांना दिसू लागला. मग एका मासिकाने 20 म्यू बक्षीस ठेवले, तर 78,000 पत्रं आली. झाला इतिहास.

आता हिंगोलीत या. बसस्टँडजवळच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये एका रुपयात एक डाव मिळे. तिथला राजा म्हणजे 'मुस्तफा'. खेळाचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', कॅपकॉम कंपनीचा, 1993चा, मार्क शुल्ट्झ यांच्या चित्रकथेवर बेतलेला. त्यात जॅक, हॅना, मुस्तफा आणि मेस असे चार खेळाडू. पण नाव कोणाचं झालं? नायक जॅक, तो राहिला बाजूला. आपल्याकडे गावोगाव अख्खा खेळच मुस्तफाच्या नावाने ओळखला जातो. तो चपळ, धावत येऊन लाथ घालणारा, आणि नाव आपल्या गल्लीतलं. बनवणाऱ्यांनी काय ठरवलं होतं ते मशीनपाशी कोण विचारतो?

या मुस्तफात 'पाचवा प्लेअर' आहे अशी आमच्याकडे पक्की वदंता होती. दांडा तीनदा गोल फिरवायचा, दोन्ही बटणं दाबून धरायची आणि रुपया टाकायचा. वसमतहून आलेल्या एका मुलाने ही युक्ती मला दोन रुपयांना विकली. मी आणखी सात रुपये घालवले. पाचवा आला नाही. पुढे संगणकावर तोच खेळ उघडून सावकाश पाहिला. चारच आहेत.

पण अशी अफवा खरी ठरल्याचंही उदाहरण आहे. 'मॉर्टल कॉम्बॅट'च्या हिशेबाच्या पडद्यावर 'अर्मॅक्स' असा शब्द होता. प्रोग्राममधल्या चुका मोजण्याची ती नोंद. मुलांनी तो लाल कपड्यातला लपलेला योद्धा ठरवला. शेवटी 1995 साली कंपनीने 'अर्मॅक' नावाचा लाल योद्धा खरोखरच खेळात आणला. आमच्या वसमतच्या गुरूची ओरड तिकडे पोचली असती तर, असं वाटून जातं.

लपवलेल्या गोष्टींचा विषय निघालाच आहे तर थोडं आडवाटेने जातो. मागे औंढा नागनाथला गेलो होतो. तिथला गाभारा जमिनीखाली, अरुंद वाटेने वाकून उतरावं लागतं. बाहेर नामदेवांची कथा सांगतात: कीर्तन करताना त्यांना मागे घालवलं, तर देऊळच फिरलं. जवळच दुधाळ्याला लायगो-इंडियाची गुरुत्वलहरींची वेधशाळा होणार आहे. केंद्राने एप्रिल 2023 मध्ये 2600 कोटी मंजूर केले. तिच्या दोन भुजा प्रत्येकी 4 किलोमीटर लांब असतील. परदेशात आधीपासून असलेल्या लायगोच्या शास्त्रज्ञांनी सप्टेंबर 2010 मध्ये आपल्या माहितीत मुद्दाम एक खोटा संकेत लपवला होता, सहकाऱ्यांची परीक्षा म्हणून. बाकीच्यांनी सहा महिने राबून निबंध लिहून काढला, आणि मार्च 2011 मध्ये खरं उत्तर ठेवलेला लखोटा फोडल्यावर कळलं की तो बनावट होता. निदान त्यांना लखोटा तरी मिळाला. कारंज्याभोवती फिरणाऱ्या पोरांना तोही मिळाला नाही.

लुईजीला पुढे न्याय मिळाला म्हणतात. 2004च्या 'सुपर मारिओ 64 डीएस'मध्ये तो खेळायला मिळतो. 2007च्या 'सुपर मारिओ गॅलक्सी'तही मिळतो, पण कधी? मारिओने 120च्या 120 तारे जमवून शेवटच्या राक्षसाला हरवल्यावर. म्हणजे पुन्हा दादाचं सगळं आटोपल्यावरच. दादाला हे फोनवर सांगितलं तर तो मिनिटभर हसत होता.

एक मात्र आहे. लुईजीचे तुकडे सापडले, कारण कोणीतरी त्या फायली 24 वर्षं टाकून दिल्या नाहीत. आपल्याकडची पार्लरं बंद पडली, मशिनं भंगारात गेली. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा, कुठेही कोणाच्या माळ्यावर मुस्तफाच्या मशिनचा सर्किट बोर्ड असेल तर तो किलोवर विकू नका. कॅपकॉमच्या अस्सल बोर्डावर एक बॅटरी असते आणि खेळ उलगडणारी आतली सांकेतिक किल्ली तिच्या जिवावर टिकते. ती संपली की खेळ मुका होतो. बॅटरी काढू नका, आधी जाणकाराला दाखवा.