गाडीच्या स्क्रीनला फोन जोडताना



या पानावर आम्ही आजवर बेणे, खोडवा, पाचट आणि हुमणी यांविषयी लिहीत आलो. या वेळचा विषय जरा वेगळा आहे. ऊस बिलातून म्हणा, मुलांच्या नोकरीतून म्हणा, आता पुष्कळ सभासदांच्या दारात मोटार उभी आहे. तिच्यात ड्रायव्हरच्या शेजारी वहीएवढी स्क्रीन असते आणि खिशातला फोन तिला जोडता येतो. जोडणीचे काम अवघड नाही. पण ते कधी करायचे हे न कळले, तर जिवावर बेतते. गेल्या हंगामात रोडपालीहून निघताना आम्ही हे डोळ्यांनी पाहिले, म्हणून हा लेख.

रोडपालीची सकाळ

रोडपाली हे पनवेलजवळ, कळंबोलीला लागून आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग कळंबोलीपासूनच सुरू होतो. आपल्या भागातली कितीतरी घरे तिकडे स्थिरावली आहेत. कोणी लोखंड बाजारात माथाडी आहे, कोणी तळोज्याच्या कारखान्यात नोकरीला आहे. मुंबईचे काम उरकून आम्ही एका जुन्या सभासदांबरोबर त्यांच्या मुलाकडे मुक्काम केला. सकाळी तो आम्हाला गावी पोचवायला निघाला. गाडी नुकतीच घेतलेली, पण दुसऱ्याने वापरलेली.

"साहेब, नकाशा स्क्रीनवर लावतो, मग जाऊ आरामात," असे म्हणून त्याने गाडी काढली. फोन काही जोडला जाईना. एक हात स्टिअरिंगवर, दुसरा स्क्रीनवर, फोन मांडीवर. कळंबोलीच्या वळणापाशी पुढच्या कंटेनरच्या ट्रेलरने ब्रेक मारला. मागून वडील ओरडले, "आरं, फुडं बघ की!" गाडी थांबली तेव्हा ट्रेलरचा मागचा आडवा बार आणि आपले बॉनेट यांत हातभरही अंतर नव्हते. थोडा वेळ कोणीच काही बोलले नाही.

पोराला दोष देऊन आम्ही मोकळे होणार नाही. आम्हीही पाणंदीच्या रस्त्याने मोटारसायकलवर, मान वाकडी करून, फोन खांद्याला धरून कितीदा तरी गेलो आहोत. त्या दिवसापासून ते बंद केले.

तीन सेकंदांचा हिशोब

द्रुतगती मार्गावर सपाटीला मोटारीची वेगमर्यादा ताशी १०० किलोमीटर आहे. या वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर जाते. स्क्रीनवर एक बटण शोधायला तीन सेकंद सहज लागतात. तेवढ्यात गाडी ८३ मीटर पुढे गेलेली असते. एक एकराचे चौकोनी रान घेतले तर त्याची बाजू साधारण ६४ मीटर भरते. म्हणजे या बांधावर नजर खाली घातली आणि वर केली, तर पलीकडचा बांध ओलांडून शेजाऱ्याच्या उसात वीस मीटर शिरलेलो असतो. डोळे मिटून एवढे रान कोणी चालतसुद्धा जाणार नाही.

कायदाही आता कडक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाली आणि गाडी चालवताना फोन हातात धरून वापरणे हे धोकादायक वाहन चालवण्यात मोडू लागले. पहिल्या गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. तीन वर्षांत तोच गुन्हा पुन्हा घडला तर दंड १०,००० रुपयांपर्यंत जातो. ऑक्टोबर २०२० पासून नियमांत रस्ता पाहण्यापुरती फोनला मुभा आहे, तीही ड्रायव्हरचे लक्ष विचलित होणार नसेल तरच.

जोडणी कशी करावी

पुढच्या पेट्रोल पंपावर गाडी बाजूला घेतली. हँडब्रेक ओढला आणि शांतपणे काम सुरू केले. तोच क्रम येथे देतो.

पहिली जोडणी ब्लूटूथची. हिच्यामुळे फोनवरचे बोलणे आणि गाणी गाडीच्या स्पीकरमधून ऐकू येतात. फोनच्या सेटिंगमध्ये ब्लूटूथ चालू करावे. गाडीच्या स्क्रीनवर फोन किंवा ब्लूटूथ असे चित्र असते, त्यात जाऊन नवीन फोन जोडण्याचे बटण दाबावे. फोनमध्ये गाडीचे नाव दिसले की त्याला बोट लावावे. मग दोन्हीकडे सहसा सहा आकडी नंबर उमटतो. तो सारखाच आहे हे पाहून दोन्हीकडे होकार द्यावा. एकदा ओळख झाली की पुढच्या वेळी गाडी सुरू होताच फोन बहुधा आपोआप जोडला जातो.

या नावाची गंमत सांगण्यासारखी आहे. दहाव्या शतकात डेन्मार्कमध्ये हॅराल्ड नावाचा राजा होता. त्याचे टोपणनाव ब्लूटूथ, म्हणजे निळा दात. विखुरलेल्या लोकांना त्याने एकत्र आणले म्हणून त्याचे नाव या तंत्राला दिले. १९९८ साली एरिक्सन, इंटेल, नोकिया, तोशिबा आणि आयबीएम या पाच कंपन्या एकत्र आल्या आणि कोणाचेही यंत्र कोणाच्याही यंत्राशी बोलावे असा एकच नियम त्यांनी ठरवला. एका अर्थी तेही सहकाराचेच काम म्हणायचे.

दुसरी जोडणी नकाशाची. अँड्रॉइड फोनला अँड्रॉइड ऑटो आणि आयफोनला कारप्ले लागते. गाडीत त्याची सोय आहे का, हे आधी पाहावे. अँड्रॉइडच्या दहाव्या आवृत्तीपासून ही सोय फोनमध्येच असते. आयफोनमध्ये सिरी चालू ठेवावी लागते. गाडीच्या यूएसबी पॉइंटमध्ये वायर लावून फोन जोडला की स्क्रीनवर परवानगी विचारली जाते. होय म्हटले की फोनमधला नकाशा समोर येतो आणि कुठे वळायचे ते बोलून सांगतो.

काही गाड्यांत हे वायरीशिवाय होते. तेथे ब्लूटूथ फक्त ओळख करून देते, पुढचे काम वायफाय करते. कारण सोपे आहे. ठिबकच्या १६ मिलिमीटरच्या नळीतून सगळ्या रानाचे पाणी जात नाही, त्याला मोठी पाइप लागते. आवाज ब्लूटूथच्या नळीतून जातो, नकाशाच्या हलत्या चित्राला वायफायची पाइप लागते.

जोडले न गेल्यास

आधी वायर बदलून पाहावी. काही वायरी नुसत्या चार्जिंगच्या असतात, त्यांतून माहिती जात नाही. गाडीतलेही काही पॉइंट फक्त चार्जिंगचेच असतात. शेतात हिंडणाऱ्या माणसाच्या फोनच्या भोकात माती आणि कापसाचे तंतू बसतात, ते फोन बंद करून लाकडी काडीने हलकेच काढावेत. तरीही न झाल्यास गाडीतून फोनचे नाव आणि फोनमधून गाडीचे नाव काढून टाकावे, फोन बंद करून चालू करावा आणि पहिल्यापासून जोडणी करावी.

आमच्या पोराच्या गाडीत दुखणे निराळेच निघाले. स्क्रीनच्या यादीत आधीच्या मालकाच्या घरचे पाच फोन बसलेले होते. यादी भरलेली, मग नवा फोन घेणार कोठून? ती नावे काढली आणि दोन मिनिटांत जोडणी झाली. त्या गाडीच्या नकाशात "घर" म्हणून आधीच्या मालकाचा पत्ताही तसाच होता.

म्हणून गाडी विकताना एक काम विसरू नये. सातबारा, आरसी बुक, विमा आपण नीट पाहतो, तशी गाडीची स्क्रीनही कोरी करून द्यावी. सेटिंगमध्ये सर्व माहिती पुसण्याची सोय असते. भाड्याच्या गाडीला फोन जोडताना फोनमधली नावे-नंबर घेऊ का असे विचारले, तर नाही म्हणावे, आणि उतरताना आपला फोन यादीतून काढावा.

स्पीकरवरचे बोलणे

पुढे घाट लागला. गाडी शिस्तीत चालली होती, नकाशा बोलत होता. तेवढ्यात पोराचा फोन वाजला. त्याने स्टिअरिंगवरचे बटण दाबले आणि गावाकडच्या चुलतभावाचा आवाज गाडीभर झाला. "दादा, दुसऱ्या कारखान्याची टोळी आलीया. खालच्या तुकड्याला तोड लावू का? आपल्या साहेबाला कळायच्या आत रान मोकळं होतंय."

आम्ही खिडकीतून घाटातली झाडी पाहत बसलो. पोराचे कान लाल झाले. वडिलांनी पुढे वाकून एवढेच म्हटले, "साहेब हितंच हायती. फोन ठेव." त्या उसाबद्दल जास्त लिहिण्याचे कारण नाही. तो नोंदीप्रमाणे आपल्याच गव्हाणीत पडला, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

मुद्दा असा की फोन गाडीला जोडला म्हणजे खाजगी बोलणे राहत नाही. फोन उचलताच "गाडीत आहे, माणसे बसली आहेत" असे आधी सांगावे. आणि हात मोकळे असले तरी मन मोकळे नसते. वाटणीचा, कर्जाचा, भांडणाचा विषय निघाला की डोळे रस्त्यावर असूनही रस्ता दिसत नाही. असे बोलणे घरी पोचून करावे, नाहीतर गाडी थांबवून.

ट्रॅक्टरवाल्या बंधूंना

ट्रॅक्टरला स्क्रीन नसते, पण ब्लूटूथचा टेप पुष्कळांनी बसवला आहे. दोन ट्रॉल्या भरून रात्री निघताना गाणी एवढी मोठी असतात की मागून येणाऱ्या गाडीचा हॉर्न ऐकू येत नाही. वाहतूकदार सभासदांनी आपल्या ड्रायव्हरला बसवून हे सांगावे. आवाज कमी, फोन खिशात, ट्रॉलीमागे रिफ्लेक्टर, एवढे पाळले तरी पुष्कळ झाले.

सगळ्याचे सार आम्ही एका ओळीत सांगतो. फोन अंगणात जोडा, कुठे जायचे ते अंगणातच घाला, आणि चाक फिरले की स्क्रीनला हात नको. काही बदलायचेच असेल तर शेजारी बसलेल्याला सांगा. शेजारी कोणी नसेल तर गाडी बाजूला घ्या. ऊस एक दिवस उशिरा तुटला तर वजन थोडे घटते, माणूस गेला तर घर उघडे पडते. प्रत्येक घरात हे वाचून दाखवावे, विशेषतः गाडी चालवणाऱ्या मुलामुलींना, एवढी विनंती.



— ऊस विकास अधिकारी